राजकीय अनिश्चितता आणि विनिमय दर: पौंडाच्या निमित्ताने

प्रश्न असा आहे: निवडणूक तोंडावर आली, सरकार डळमळू लागले किंवा एखादा मोठा निर्णय लोंबकळत राहिला, की त्या देशाचे चलन घसरते असे आपण नेहमी वाचतो, हे नेमके कशामुळे होते आणि दर वेळी होतेच का? मुंबईत बँकेच्या ट्रेझरीत, परकीय चलनाच्या डीलिंग रूममध्ये, मी २७ वर्षे काढली आहेत. त्या अनुभवावरून आधी थोडक्यात उत्तर देतो आणि मग ते उलगडून सांगतो. अनिश्चिततेमुळे दरातील चढउतार सहसा वाढतात, पण दर घसरेलच असे नाही. घसरण होईल का, किती होईल आणि केव्हा होईल, हे तो देश आपला खर्च भागवण्यासाठी परक्यांच्या पैशावर किती अवलंबून आहे आणि त्या परक्यांचा तेथील संस्थांवर किती भरवसा आहे, यावर ठरते. राजकारण ही ठिणगी असते. दारूगोळा साठलेला आहे की नाही हे ताळेबंदात पाहावे लागते.

विनिमय दर हा अखेर एक भाव आहे आणि घेणारे किती, विकणारे किती, यावरच तो ठरतो. मात्र येथे घेणाऱ्या-विकणाऱ्यांच्या दोन तऱ्हा आहेत. पहिली व्यापाराची: निर्यातदाराचे डॉलर येतात, तेल कंपन्यांना डॉलर लागतात, परदेशी शिकणाऱ्या मुलाची फी भरायची असते. हे व्यवहार सावकाश चालतात. निवडणूक आली म्हणून कोणी कारखाना उचलून दुसऱ्या देशात नेत नाही. दुसरी तऱ्हा भांडवलाची: परदेशी फंडांनी घेतलेले शेअर आणि रोखे, अल्प मुदतीची कर्जे, अनिवासी नागरिकांच्या ठेवी. हा पैसा एका फोनवर निघतो. एप्रिल २०२२ मध्ये जगभरात परकीय चलनाची रोजची सरासरी उलाढाल ७.५ लाख कोटी डॉलर होती आणि तिच्यात मालाच्या आयात-निर्यातीचा वाटा अगदी लहान होता. म्हणून राजकीय बातमी आली की पहिला धक्का भांडवलाच्या बाजूने बसतो.

व्यापारी मंडळी स्वस्थ बसतात असे मात्र समजू नये. देशाचे चलन पडेल अशी भीती पसरली की निर्यातदार आपले डॉलर परदेशातच चार आठवडे जास्त ठेवतो आणि आयातदार तीन महिन्यांनी लागणारे डॉलर आजच घेऊन ठेवतो. दोघेही आपापल्या जागी शहाणपणानेच वागत असतात, पण दोघांच्या वागण्याचा परिणाम एकच होतो: बाजारात डॉलर विकणारा उरत नाही आणि घेणाऱ्यांची रांग लागते. परदेशी गुंतवणूकदाराने एक रुपयाही काढून नेला नाही तरी एवढ्यानेच चलन दोन-तीन टक्के घसरू शकते. वर्तमानपत्रांत परदेशी फंडांच्या विक्रीचे आकडे रोज येतात. ही घरातली हालचाल कोणी छापत नाही, पण डीलरच्या फोनवर ती सर्वांत आधी ऐकू येते.

आता अनिश्चितता आणि वाईट बातमी यांतला फरक. वाईट बातमी आली की भाव खाली येतो आणि नवी पातळी शोधून तेथे स्थिरावतो. अनिश्चिततेत भावाची दिशाच ठरत नाही, फक्त शक्यतांचा पल्ला रुंदावतो. त्या रुंदीची स्वतंत्र किंमत बाजारात मोजली जाते आणि ती ऑप्शनच्या प्रीमियममध्ये दिसते. ऑप्शन म्हणजे ठरलेल्या तारखेला ठरलेल्या भावाने चलन घेण्याचा किंवा विकण्याचा विकत घेतलेला हक्क, एक प्रकारचा विमाच. अपघाताची शक्यता वाढली की विम्याचा हप्ता वाढतो. हे कसे घडते ते जवळून दाखवण्यासाठी ब्रिटनच्या २०१६ च्या सार्वमताइतके चांगले उदाहरण माझ्या कारकिर्दीत दुसरे नाही, म्हणून त्याच्यावर जरा रेंगाळतो.

युरोपीय महासंघात राहावे की बाहेर पडावे, यासाठी ब्रिटनमध्ये २३ जून २०१६ रोजी मतदान व्हायचे होते. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी ही तारीख फेब्रुवारीतच जाहीर केली होती. दुसऱ्याच दिवशी बोरिस जॉन्सन यांनी आपण बाहेर पडण्याच्या बाजूने असल्याचे सांगितले आणि सोमवारी बाजार उघडताच पौंड सुमारे दोन टक्क्यांनी पडला. तेव्हापासून आमच्या पडद्यावर एक चमत्कारिक पायरी दिसत होती. २२ जूनला संपणारा पौंड-डॉलर ऑप्शन आणि २४ जूनला संपणारा ऑप्शन यांच्यात अंतर फक्त दोन दिवसांचे, पण दुसऱ्याचा प्रीमियम पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त होता. मतदानाच्या आधीच्या आठवड्यांत पौंडाच्या ऑप्शनचे भाव २००८ च्या संकटानंतर न पाहिलेल्या पातळीवर गेले. अनिश्चितता म्हणजे काय, हे कोणी विचारले तर मी आजही ती पायरी कागदावर काढून दाखवतो. तारीख ठरलेली होती, धोका कोणत्या रात्री आहे हे माहीत होते, आणि बाजाराने नेमक्या त्या रात्रीची किंमत लावली होती.

स्पॉट भावात, म्हणजे तत्काळ खरेदी-विक्रीच्या भावात, मात्र ही भीती फारशी दिसत नव्हती. मतदानाच्या दिवशी पौंड १.४८ डॉलरच्या पुढे होता. येथे एक साधा हिशेब पाहण्यासारखा आहे. ब्रिटन महासंघात राहिला तर पौंड १.५० आणि बाहेर पडला तर १.३३, असे धरा. मग १.४८ हा भाव कोणाच्याच अंदाजाचा भाव नव्हता. तो दोन अगदी वेगळ्या जगांची सरासरी होता आणि त्या सरासरीत बाहेर पडण्याच्या शक्यतेला जेमतेम आठात एक इतकेच वजन होते. राजकीय घटनेपूर्वीचा भाव वाचताना लोकांची चूक येथेच होते. बाजाराला १.४८ वाटते आहे, असे ते म्हणतात. वास्तविक १.४८ ला पौंड राहण्याची शक्यता जवळजवळ शून्य होती. निकालानंतर तो किंचित वर तरी जाणार होता किंवा कोसळणार तरी होता.

त्या रात्री आम्ही पाच-सहा जण डीलिंग रूममध्येच होतो. ब्रिटनमधील मतदान आपल्या वेळेनुसार पहाटे अडीचला संपले आणि पहिल्या अंदाजांवर पौंड १.५० पर्यंत चढला. पावणेपाच-पाचच्या सुमारास संडरलँडचा निकाल आला. तेथे बाहेर पडण्याच्या बाजूने ६१ टक्के मते पडली होती, अपेक्षेपेक्षा बरीच जास्त, आणि काही मिनिटांत पौंड १.४३ वर आला. एका मध्यम आकाराच्या शहराच्या मतमोजणीने जगातल्या एका प्रमुख चलनाचे मोल जवळजवळ पाच टक्क्यांनी घटवले, कारण त्या एका आकड्यावरून इतर शेकडो ठिकाणचे अंदाज एकाच वेळी बदलावे लागले. आपला बाजार नऊला उघडला आणि नऊ वाजून दहा मिनिटांच्या सुमारास बीबीसीने बाहेर पडण्याचा कौल लागल्याचे जाहीर केले. पौंड १.३२ च्या पातळीला जाऊन आला. १९८५ नंतर एवढा खालचा भाव दिसला नव्हता. पौंड-डॉलरला आम्ही केबल म्हणतो. केबलच्या खरेदी-विक्रीच्या भावांत एरवी एक-दोन पिप्सचा (एक पिप म्हणजे ०.०००१ डॉलर) फरक असतो. त्या अर्ध्या तासात आम्हाला पन्नास-साठ पिप्सच्या फरकाने भाव मिळत होते, आणि तेही हातात असलेल्या रकमेच्या निम्म्यासाठीच.

साडेनऊला पहिला फोन कोल्हापूरजवळच्या शिरोलीतील एका फाउंड्रीच्या मालकांचा आला. ते ब्रिटनला कास्टिंग पाठवत. त्यांचे दीड लाख पौंड ऑगस्टच्या मध्याला येणार होते. दोनच दिवस आधी, २२ जूनला, मी त्यांना ऑगस्टची फॉरवर्ड, म्हणजे ऑगस्टमध्ये येणाऱ्या पौंडांचा भाव आधीच बांधून देणारा करार, सुमारे १०० रुपयांना देऊ केली होती. आपल्याकडचे व्याजदर ब्रिटनपेक्षा बरेच जास्त असल्यामुळे निर्यातदाराला फॉरवर्डमध्ये महिन्याला साधारण अर्धा रुपया वरच मिळत होता, म्हणजे संरक्षण घेण्यासाठी पदरचे काही द्यावे लागणार नव्हते. पण त्यांच्या तिकडच्या ग्राहकाने काही होणार नाही अशी खात्री दिली होती आणि ते थांबले होते. शुक्रवारी सकाळी त्यांनी एवढेच विचारले, "साहेब, थांबू का विकू?" मी त्यांना सांगितले, की आत्ता या मिनिटाला काहीच करू नका, कारण हा भाव नाही, ही फक्त घबराट आहे, दुपारी बाजारात पुरेसे घेणारे-विकणारे आले की निम्मे बुक करा. दुपारी निम्मे ९३-९४ च्या आसपास बुक झाले. उरलेले निम्मे ऑगस्टमध्ये ८७ च्या आसपास गेले. १०० रुपयांशी तुलना केली तर एकूण सुमारे १५ लाख रुपयांचा फरक पडला आणि त्या ऑर्डरवरचा त्यांचा सगळा नफा साधारण तेवढाच होता. हीच घसरण पुण्यातल्या एखाद्या पालकाला दिलासा देणारी होती: ऑक्टोबरमध्ये पौंड ८१-८२ रुपयांना मिळू लागला तेव्हा १५,००० पौंडांच्या फीमागे अडीच लाखांहून अधिक रुपये वाचत होते.

पौंड एवढा का पडला, हा खरा प्रश्न आहे. २४ जूनच्या सकाळी ब्रिटनमधला एकही कारखाना बंद पडला नव्हता, एकही करार मोडला नव्हता; महासंघातून प्रत्यक्ष बाहेर पडायला जानेवारी २०२० उजाडला. पण तीन गोष्टी एकाच वेळी बदलल्या होत्या. पहिली, ब्रिटनच्या चालू खात्यावरील तूट तेव्हा जीडीपीच्या सुमारे पाच टक्के होती. म्हणजे देश जेवढे कमावत होता त्यापेक्षा जास्त खर्च करत होता आणि मधले अंतर परदेशी पैसा येऊन भरून निघत होते. बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर मार्क कार्नी यांनी सार्वमताच्या कितीतरी आधी, जानेवारी २०१६ मध्येच, आपला देश अनोळखी लोकांच्या मेहेरबानीवर चालतो आहे असा इशारा दिला होता. त्या अनोळखी लोकांनी पैसा काढून नेण्याचीही गरज नसते. पुढच्या महिन्यात नवा पैसा जरा कमी पाठवला तरी भाव उतरतो. दुसरी गोष्ट व्याजदराची. अर्थव्यवस्था मंदावणार म्हणून बँक ऑफ इंग्लंड व्याजदर कमी करेल असे सर्वांनी गृहीत धरले आणि ४ ऑगस्टला तिने तो अर्ध्या टक्क्यावरून पाव टक्क्यावर आणलाही. व्याज कमी म्हणजे ते चलन जवळ बाळगण्याचा मोबदला कमी. तिसरी गोष्ट म्हणजे जोखमीची भरपाई. पुढे काय नियम असतील हे माहीत नसताना एखाद्या देशातील मालमत्ता घ्यायची, तर गुंतवणूकदार ती स्वस्तात मागतो. ती स्वस्त दोन प्रकारे होऊ शकते: मालमत्तेचा स्थानिक भाव पडून किंवा चलन पडून. चलन सर्वांत लवकर पडते, म्हणून पहिला समतोल तेच साधते.

या सगळ्यात मला सर्वांत शिकण्यासारखा वाटलेला दिवस मात्र पुढचा आहे. १७ जानेवारी २०१७ रोजी पंतप्रधान थेरेसा मे यांनी लँकेस्टर हाऊसमधील भाषणात ब्रिटन युरोपच्या एकल बाजारपेठेतूनही बाहेर पडणार असल्याचे जाहीर केले. चार महिन्यांपूर्वी नुसत्या या शक्यतेने पौंड घसरत होता. त्या दिवशी तो सुमारे तीन टक्क्यांनी वर गेला. बातमी व्यापाराच्या दृष्टीने वाईटच होती, पण ती बाजाराने आधीच भावात धरली होती. नवे होते ते एवढेच, की आता मार्ग कळला होता आणि अंतिम करार संसदेपुढे मतदानासाठी येईल असे त्यांनी सांगितले होते. शक्यतांचा पल्ला अरुंद झाला आणि त्या अरुंद होण्यालाच किंमत मिळाली. तेव्हा चलन कशाला घाबरते, असे विचाराल तर ते वाईट सरकारापेक्षा न कळणाऱ्या सरकाराला जास्त घाबरते, असे मी सांगेन.

२०२२ चा प्रसंग वरवर सारखा वाटतो, पण त्याची जात वेगळी आहे. पंतप्रधान लिझ ट्रस यांचे अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी २३ सप्टेंबर २०२२ रोजी सुमारे ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली, तीही पैसा कोठून येणार हे न सांगता आणि अर्थसंकल्पाची छाननी करणाऱ्या स्वायत्त कार्यालयाचा अंदाज न घेता. सोमवारी २६ तारखेला आशियाई बाजारात पौंड १.०३५ डॉलरच्या आसपास गेला. हा त्याचा आजवरचा नीचांक. या वेळी ब्रिटिश सरकारी रोख्यांचा परतावा झपाट्याने वर चढत होता. एरवी व्याज वाढले की चलन सुधारते, निदान प्रगत देशांत तरी. व्याज चढते आहे आणि तरी चलन पडते आहे, ही जोडी आम्ही उदयोन्मुख देशांत पाहत आलो होतो. गुंतवणूकदार जास्त व्याज मागतो आहे आणि ते देऊ केले तरी थांबत नाही, याचा अर्थ त्याला परतफेडीच्या मोलाचीच शंका आहे. २८ सप्टेंबरला बँक ऑफ इंग्लंडने दीर्घ मुदतीचे रोखे विकत घेण्याची घोषणा केली, १४ ऑक्टोबरला क्वार्टेंग गेले, २० ऑक्टोबरला ट्रस यांनी राजीनामा जाहीर केला. पंतप्रधान पायउतार होत असताना, म्हणजे राजकीय गोंधळ शिगेला पोहोचला असताना, पौंड सावरत होता. छाननी करणाऱ्या संस्था, मध्यवर्ती बँक आणि स्वतः हुजूर पक्षाचे खासदार चूक मागे घ्यायला लावू शकतात, हे दिसल्यावर विश्वास परतला.

ज्या देशात असे मागे खेचणारे कोणी उरत नाही, तेथे काय होते हे तुर्कस्तानने दाखवले. मार्च २०२१ मध्ये मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर नाजी अबाल यांनी महागाई रोखण्यासाठी व्याजदर १९ टक्क्यांवर नेला आणि दोन दिवसांत अध्यक्ष एर्दोगान यांनी त्यांना पदावरून दूर केले. सोमवारी बाजार उघडताच लिरा १५ टक्क्यांपर्यंत कोसळला. निवडणूक नव्हती, सरकार भक्कम होते, रस्त्यावर शांतता होती. स्थिर सरकार म्हणजे स्थिर चलन, असे सरसकट मानणाऱ्यांनी हा दिवस लक्षात ठेवावा. सरकारची स्थिरता आणि धोरणाची भरवशाने सांगता येणारी दिशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि चलनाला दुसरीशी कर्तव्य असते.

आतापर्यंतची उदाहरणे बाजारात मुक्तपणे ठरणाऱ्या दरांची झाली. दर सरकारने बांधून ठेवलेला असेल तर अनिश्चितता दरात दिसत नाही. ती गंगाजळीत दिसते. मेक्सिकोत मार्च १९९४ मध्ये अध्यक्षपदाचे उमेदवार लुईस डोनाल्डो कोलोसियो यांची हत्या झाली तेव्हा पेसोचा दर ठरलेल्या पट्ट्यातच राहिला, पण महिन्याभरात सुमारे १० अब्ज डॉलर देशाबाहेर गेले. बांध फुटला तो डिसेंबरात.

आपला १९९१ चा अनुभव याच वर्गातला आहे. नोव्हेंबर १९९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांचे सरकार पडले, मार्च १९९१ मध्ये चंद्रशेखर यांनी राजीनामा दिला, पूर्ण अर्थसंकल्प मंजूर होऊ शकला नाही आणि लेखानुदानावर काम भागवावे लागले. आखाती युद्धामुळे तेल आधीच महागले होते. मे महिन्यात निवडणुकीच्या धामधुमीत राजीव गांधींची हत्या झाली. या संपूर्ण काळात रुपयाचा अधिकृत दर डॉलरला सुमारे १८ रुपयांवरून २१ च्या आसपास हळूहळूच सरकला. नुसता दर पाहणाऱ्याला एवढे काही बिनसले आहे असे वाटले नसते. पण एप्रिल ते जून या तिमाहीत अनिवासी भारतीयांच्या ठेवींतून सुमारे ९५ कोटी डॉलर निघून गेले आणि परकीय चलनाचा साठा दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरता उरला. काळजीवाहू सरकारच्या काळात २० टन सोने परदेशात विकावे लागले, पुन्हा विकत घेण्याच्या हक्कासह; पुढे जुलैत रिझर्व्ह बँकेने आणखी सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडे तारण म्हणून ठेवले.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहावी. रुपयाचे अवमूल्यन राजकीय पोकळीच्या काळात झाले नाही. २१ जूनला नरसिंह राव पंतप्रधान झाले, मनमोहन सिंग अर्थमंत्री झाले आणि १ व ३ जुलैला दोन टप्प्यांत रुपया डॉलरमागे सुमारे २६ वर आणला गेला. दुसरा टप्पा थांबवावा असे पंतप्रधानांना वाटत होते, पण तो निरोप रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर रंगराजन यांच्यापर्यंत पोहोचेपर्यंत नवा दर जाहीर झालेला होता. म्हणजे दर घसरला तो अनिश्चितता संपल्यावर, निर्णय घेऊ शकणारे सरकार आल्यावर. बांधलेल्या दराच्या देशात अनेकदा असेच होते: पोकळीत साठा झिजतो आणि सरकार आल्यावर दर बदलतो. श्रीलंकेत मात्र क्रम उलटा होता: आधी दर पडला, मग सरकार. मार्च २०२२ पर्यंत तेथील रुपया डॉलरला सुमारे २०० वर धरून ठेवला होता. मग तो सोडला आणि मेपर्यंत ३६० च्या आसपास गेला. जुलैत जमाव राष्ट्रपती भवनात शिरला आणि गोटाबाया राजपक्षे देश सोडून गेले तेव्हा दर जवळजवळ हललाही नाही. लोक रस्त्यावर उतरले ते चलन कोसळल्यानंतर. टीव्हीवर दिसणारी अस्थिरता हा त्या घसरणीचा परिणाम होता.

१९९१ च्या शेजारी ४ जून २०२४ ठेवून पाहा. लोकसभेचा निकाल मतदानोत्तर चाचण्यांपेक्षा अगदी वेगळा लागला, भारतीय जनता पक्षाला २४० जागा मिळाल्या आणि सेन्सेक्स एका दिवसात जवळजवळ ४,४०० अंकांनी, म्हणजे सुमारे पावणेसहा टक्क्यांनी पडला. रुपया घसरला तो अवघा चाळीस पैशांच्या आसपास, म्हणजे अर्धा टक्काही नाही. परकीय चलनाचा साठा साडेसहाशे अब्ज डॉलरच्या घरात होता, चालू खात्यावरील तूट लहान होती, सरकारी रोख्यांत परकीयांचा वाटा फार थोडा होता, आणि रुपयात मोठी उडी येऊ लागली की रिझर्व्ह बँक सरकारी बँकांमार्फत डॉलर विकते हे प्रत्येक डीलरला ठाऊक होते. ती विकेल हे ठाऊक असल्यामुळे फारसे विकावेही लागत नाही. मात्र याला किंमत नाही असे नव्हे. रुपया इतका शांत ठेवला की आयातदार संरक्षण घेणे सोडून देतात, आणि मग कधी रिझर्व्ह बँकेने हात सैल सोडला तर सगळे एकदमच डॉलर घ्यायला धावतात. हे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे आणि त्याची मला खरोखर काळजी वाटते.

दोन अपवाद थोडक्यात नोंदवतो. युरो वापरणाऱ्या एका देशातला गोंधळ युरोच्या दरात फारसा उमटत नाही. २०१०-११ मध्ये बेल्जियममध्ये ५४१ दिवस पूर्ण अधिकाराचे सरकार नव्हते, आणि जून २०२४ मध्ये फ्रान्सची संसद विसर्जित झाली तेव्हाही मोठा फरक पडला तो जर्मन आणि फ्रेंच रोख्यांच्या परताव्यातील अंतरात. दुसरा अपवाद अमेरिकेचा. ऑगस्ट २०११ मध्ये कर्जमर्यादेच्या वादातून अमेरिकेचे पतमानांकन घटले, तरी जगाने अमेरिकन रोखेच विकत घेतले. पण हा नियम कायमचा धरू नये. एप्रिल २०२५ मध्ये आयातशुल्काच्या घोषणांनंतर रोख्यांचा परतावा चढत असताना डॉलर घसरला, आणि ती जोडी कशाचे लक्षण असते हे वर पौंडाच्या संदर्भात आलेच आहे.

ज्यांचे पैसे परकीय चलनात अडकलेले असतात त्यांना माझे सांगणे एवढेच असते, की कोण जिंकेल याचा अंदाज बांधण्यात शक्ती घालवू नका. निकाल बरोबर ओळखूनही भावाची दिशा चुकलेली माणसे मी भरपूर पाहिली आहेत. आपल्या रकमेचा किती भाग उलटा गेला तर धंदा अडचणीत येईल, हे आधी काढा आणि तेवढा भाग माल निघाला त्याच दिवशी बुक करा. शिरोलीच्या त्या मालकांनी २०१६ नंतर प्रत्येक बिलाचे निम्मे पौंड बिल काढल्या दिवशीच फॉरवर्डमध्ये विकण्याची सवय लावून घेतली. २६ सप्टेंबर २०२२ च्या सकाळी पौंड ८६ रुपयांच्या घरात आला तेव्हा त्यांचे ऑगस्टअखेरचे एक बिल उघडे होते, पण त्यातले निम्मे ९४ च्या आसपास आधीच बुक झालेले होते. त्यांनी फोन केला, तो भाव विचारायला नव्हे तर उरलेल्या निम्म्याची मुदत ऑक्टोबरअखेर आहे एवढे कळवायला. उरलेले पौंड आले तेव्हा ट्रस यांचे सरकार जाऊन आठवडा झाला होता आणि त्यांना पुन्हा ९४ च्या जवळपास भाव मिळाला. थांबा असे मी त्यांना सांगितले नव्हते. निम्मे सुरक्षित असल्यामुळे थांबणे त्यांना परवडले.